तिसऱ्या घंटेनंतर

(मधे रस्ता. अलीकडे बंद लाँड्रीची पायरी, पलीकडे पहिल्या मजल्यावरची उघडी खिडकी, शेजारी घराचं दार आणि रस्त्याकडे उतरणारा जिना. सकाळ.)

आजोबा : आणि मी म्हणतो, लपायचंच होतं तर लाँड्रीच्या पायरीवर कशाला? अगदी नाकासमोर!

आई : लपलो नाही आहोत, बाबा. बसलोय.

आजोबा : पेपराच्या आड बसलोय.

आई : पेपर तुम्ही धरलाय. मी नुसती बसलेय. आणि तो जरा खाली घ्या, मला खिडकी दिसत नाही.

आजोबा : खिडकी काय पळून जातेय? हल्ली या पेपरांची शाई मात्र फार फिकी झालीय. एक ओळ धड लागेल तर शपथ. आमच्या वेळी अक्षर कसं, दोन गल्ल्या सोडून वाचता यायचं.

आई : ते तुम्ही रंगवलेल्या बोर्डाचं अक्षर. पेपर कुणी दोन गल्ल्या सोडून वाचत नाही.

आजोबा : हा लाँड्रीचा बोर्ड बघ. 'लाँड्री'तला 'ल' बघितलास? पोट सुटलंय त्याचं. कुणी रंगवला कोण जाणे.

आई : शू! ऐका.

आजोबा : घंटा?

आई : पहिली. आमच्या नाट्यगृहाचीच आहे. जुन्या फोनमध्ये भरून स्वयंपाकघरात ठेवलीय. पहिली झाली की गणवेश, दुसरी झाली की बूट, तिसरी झाली की दाराबाहेर.

आजोबा : भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे की.

आई : घड्याळ किती वाजले ते सांगतं. किती उरलंय ते आपल्या भिंगरीला त्यातून कळत नाही. तिच्याकडे वेळ दोनच प्रकारची : आत्ता आणि मग. आणि 'मग' म्हणजे उद्याही असतं, पुढच्या वर्षीही असतं.

आजोबा : मग माझ्यावर गेलीय. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, उद्या बोर्ड देतो. कुठला उद्या, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

आई : विचारायचे सगळे. तुम्ही घरी नसायचात, आईंना विचारायचे.

आजोबा : हे तुला कुणी सांगितलं?

आई : आईंनीच.

आजोबा : हं. बरं, ते जाऊ दे. नाटकाच्या मॅनेजरला काय सांगितलंस तू?

आई : दुपारपर्यंत कळवते म्हटलं.

आजोबा : दोनदा नाही म्हणालीस आधी.

आई : दोनदा. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही, त्यांनी विचारलं. नवं नाटक आहे, तालमी सकाळच्या. प्रॉपर्टी सगळी माझ्या ताब्यात, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत ज्या ज्या वस्तूला कुणाचा हात लागतो ती ती. आज नाही म्हटलं तर ते दुसरीला घेणार, आणि त्यांचं काही चुकणार नाही. तुमचा मुलगा बेकरीची रात्रपाळी उरकून घरी येतो तोवर हिची शाळा भरलेली असते. म्हणजे सकाळी घरात ती एकटी. तिला एकटीला निघायला जमलं तर मी कामावर. नाही जमलं तर मी आहेच दारात उभी.

आजोबा : मी येऊन राहतो म्हटलं तर तुला नको.

आई : तुम्ही? गेल्या सुट्टीआधी तुमच्या भरवशावर सोडून गेले होते. परत आले तेव्हा ही एका बुटात, तुम्ही गालाला दाढीचा फेस लावून, आणि दोघं भिंतीला नाक लावून मुंगी बघताय.

आजोबा : ती मुंगी साधी नव्हती, सूनबाई. स्वतःपेक्षा मोठा पाकोळीचा पंख घेऊन उलटी चढत होती.

आई : शाळेत मधली सुट्टी झाली होती, बाबा.

आजोबा : चढली पण शेवटी.

आई : हसू नका. मलाही हसू येतं मग.

आजोबा : येऊ दे की. कालपासून तोंड आंबट करून बसलीयस. काय होईल जास्तीत जास्त? शाळेला उशीर. रोजचाच आहे.

आई : रोजचा उशीर वेगळा. रोज मी घरात असते, उशीर आमचा दोघींचा असतो. आज झाला तर तिचा एकटीचा. कालच मला म्हणाली, "आई, मला जमलं नाही तर तू नाटकात जाणार नाहीस ना?" मी म्हटलं, असं काही नाही. तर म्हणते, "असं काही आहे. मी फोनवर ऐकलंय."

आजोबा : भिंगरीचे कान लांब आहेत.

आई : ऐकू सगळं येतं. कळतंही सगळं. तेच तर मला कळत नव्हतं इतकी वर्षं. तिला विचारा, शाळेत जायला काय काय लागतं? धडाधडा सांगेल. डबा, बाटली, ओळखपत्र, किल्ली, स्वेटर. आणि निघताना यातली एक वस्तू बरोबर नाही. मी म्हणायचे, लक्ष नाही, आळस आहे, मुद्दाम करते. सगळं म्हणून झालं माझं.

आजोबा : त्या समुपदेशक बाई काय म्हणतात पण? ते चार अक्षरांचं काय ते.

आई : एडीएचडी.

आजोबा : तेच. मला ते बोर्डावर लिहायला सांगितलं तर छान लिहीन. कळायचं मात्र नाही.

आई : मलाही नव्हतं कळलं. पहिल्या दिवशी मी नुसती मान हलवत होते. मग बाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, असं समजा, बांधकामावर मजूर सगळे हजर आहेत. कामसू आहेत, हुशार आहेत. मुकादम तेवढा जागेवर नाही. आता हे आधी करा, ते मग करा, हे ठेवा, ते उचला, हे सांगणारा कुणी नाही. म्हणून एक जण विटा मोजत बसतो, एक जण मुंगी बघतो. तुम्ही कितीही ओरडलात तरी तुम्ही मजुरांवर ओरडताय.

आजोबा : वा. बाई शहाणी आहे.

आई : मी विचारलं, मग मुकादम येणार कधी? म्हणाल्या, येईल हळूहळू, इतर मुलांपेक्षा उशिरा येईल, आणि आला तरी अधूनमधून रजेवर जाईल. तोवर तो बाहेर ठेवा. डोक्यात नाही, डोळ्यांसमोर.

आजोबा : म्हणून मी ते वेळापत्रक करून दिलं होतं.

आई : हो. फार सुंदर होतं.

आजोबा : सात रंग होते. कडेला वेल काढली होती.

आई : ती रोज सकाळी त्या वेलीवरची पानं मोजायची, बाबा. एके दिवशी तिने त्यात एक पोपट काढला आणि मग पोपटाला घरटं लागलं. तिचा गणवेश खुर्चीवर तसाच.

आजोबा : पोपट चांगला होता पण. हात आहे पोरीला.

आई : आणि मी दारात. "बूट! बूट! अगं, बूट!" सगळ्या इमारतीला पाठ झालं होतं. खालच्या मजल्यावरचा पोपटसुद्धा म्हणायला लागला असता, बरं झालं त्यांच्याकडे पोपट नाही. आणि एक दिवस ती खाली बसली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मला म्हणाली, "आई, तू ओरडलीस की मला तुझा आवाज ऐकू येतो, बूट ऐकू येत नाहीत."

आजोबा : असं म्हणाली?

आई : अस्सं. मी तिथंच दाराला टेकले. त्या दिवशी दोघी घरी राहिलो. मी नाही ओरडले, ती नाही रडली. उलट झालं, मीच रडले.

आजोबा : मला नाही सांगितलंस ते.

आई : काय सांगायचं? सासऱ्यांना फोन करून सांगू, तुमच्या नातीने माझी बोलती बंद केली म्हणून? पण ऐका, त्याच दुपारी मला ते सुचलं. गळक्या नळासारखी रडतेय आणि एकदम डोक्यात आलं, अगं, तू आयुष्यभर काय करतेस? वीस नट-नट्या. सगळे हुशार, सगळ्यांना पानंच्या पानं पाठ, आणि एकालाही स्वतःची काठी कुठे ठेवली ते आठवत नाही. त्यांच्यावर ओरडतेस कधी? नाही. तू टेबल लावतेस.

आजोबा : आणि मग मला बोलावणं.

आई : रेघ मारायला तुमच्याइतका सरळ हात कुणाचा आहे? आमच्याकडे विंगेत एक लांब टेबल असतं. त्यावर तपकिरी कागद. त्या कागदावर प्रत्येक वस्तूभोवती पेनाने रेघ मारून आकार काढायचा. काठीच्या जागी काठी, कंदिलाच्या जागी कंदील. अंधारात नुसती नजर टाकली की कळतं, आकार भरलेला आहे की रिकामा. कुणाला काही आठवावं लागत नाही, कुणी कुणावर खेकसत नाही.

आजोबा : तिची बाटली काढताना मजा आली. मी म्हटलं, झाकणासकट काढू का? तर म्हणते, "आजोबा, झाकणाशिवाय बाटली म्हणजे पेला."

आई : रात्री आम्ही दोघी मिळून दाराजवळच्या टेबलावरचे सगळे आकार भरतो. सकाळी तिने एकेक उचलायचं. कागद पूर्ण मोकळा झाला की निघायचं. एवढंच. कागद मोकळा नसेल तर विंगेतून पाऊल बाहेर टाकायचं नाही.

आजोबा : चांगला नियम आहे.

आई : दोन नियम आहेत. दुसरा, आपली नसलेली प्रॉपर्टी उचलायची नाही. हात लावायचा नाही म्हणजे नाही. आमच्याकडे एका नटाने गंमत म्हणून दुसऱ्याचा सुरा उचलला होता. खुनाचा प्रवेश आला आणि खुनी हात हलवत उभा! शेवटी बिचाऱ्याने गळा दाबला. मरणाराला कल्पना नव्हती, तो सुऱ्याची वाट बघत उभाच.

आजोबा : हा हा! भिंगरीला सांगितलंस का हे?

आई : रोज सांगावं लागतं. ती मरणाराचं काम करते. ऐका, दुसरी!

आजोबा : वाजली?

आई : वाजली. बूट आता. बघा, न्हाणीघरातला दिवा गेला. दिवा गेला म्हणजे दात घासून झाले. खोलीत गेली असणार. केस विंचरेल का? नाही तर नाही. केसांचं कागदावर नाहीये. मीच म्हटलं नको, आधी निघू दे, केस पुढच्या वर्षी. तुम्हाला काही दिसतंय का आत?

आजोबा : मला सगळं पांढरं दिसतंय.

आई : पडदा आहे तो.

आजोबा : असेल. तुझी सासू अशीच उभी राहायची, माहितीय? तू खिडकीकडे बघतेयस तशी. दारात. मी निघताना एका हातात माझं पाकीट, एका हातात किल्ली, ब्रशांची पिशवी दाराच्या कडीला. मला वाटायचं, काय हौस आहे हिला रोज निरोप द्यायची. मित्रांत मिरवायचो मी, आमची ही रोज दारापर्यंत येते म्हणून.

आई : आई कधी काही बोलल्या नाहीत?

आजोबा : एक शब्द नाही. आणि मी स्वतःला मोठा व्यवस्थित माणूस समजत होतो. ती गेली, त्यानंतर पहिल्यांदा कामावर निघालो. शिडी घेतली, रंग घेतले, गेलो. ब्रश नाहीत. परत आलो, ब्रश घेतले, गेलो. शिडी घरी. दुकानदार हसला. मीही हसलो. घरी येऊन पायरीवर बसून रडलो. लोकांना वाटलं, बायकोसाठी रडतोय. तिच्यासाठीच रडत होतो. पण आज तू सांगितलंस ना, तेव्हा नीट कळलं. माझा मुकादम गेला होता गं.

आई : बाबा.

आजोबा : काही नाही. पेपर धर जरा, नाक पुसतो.

आई : घ्या रुमाल. म्हणूनच मला दारात उभं राहायचं नाहीये. आई राहिल्या, तुमचं निभावलं. पण हिच्या दारात मी किती वर्षं उभी राहणार? आणि नंतर कोण? कुणीतरी लागणारच आहे तिला, मी काही डोळे मिटून बसलेली नाही. पण ते कागदावर असलेलं बरं. कागद फाटला तर दुसरा अंथरता येतो.

आजोबा : आणि तुझं काम तुला हवंय.

आई : हवंय. म्हणू का खरं? फार हवंय. त्या अंधाऱ्या विंगेत उभं राहिलं की मला मी सापडते. घरात मी नुसती बूट-बूट करणारी बाई झालेय.

आजोबा : मग तसं म्हण की. त्यात लाजायचं काय?

आई : तिसरी! तिसरी झाली, बाबा!

आजोबा : ऐकली. बहिरा नाही झालो अजून.

आई : आता दार. आता उघडेल. जिन्यात पावलं वाजतात तिची, एक पायरी सोडून उतरते ती. आता येईल.

आजोबा : येईल.

आई : येईलच.

आजोबा : हो.

आई : नाही आली.

आजोबा : अगं, बटण दाबल्यासारखा घंटेवर माणूस बाहेर पडतो का? श्वास घेऊ दे तिला.

आई : बघा, ते जुळे भाऊ निघाले शाळेत. ते कायम शेवटी असतात. त्यांच्यानंतर फाटक लागतं. बाबा, ती अडकली. काहीतरी झालं. मुंगी असेल, नाहीतर बुटाची नाडी तुटली असेल. मी जाते.

आजोबा : बस.

आई : नुसतं दार वाजवते.

आजोबा : बस म्हणतो ना! तिला शब्द दिलायस. आत येणार नाही म्हणून.

आई : शब्द दिला तेव्हा मला वाटलं होतं ती येईल! तुम्हाला काय जातंय बस म्हणायला? तुम्ही संध्याकाळी लेकीकडे परत जाल. मला रोज बघावं लागतं तिचं तोंड, शाळेत सगळ्यांच्या मागून जाताना. रोज "सॉरी" म्हणते ती वर्गात शिरताना. पाचवीतलं पोर, पाय आत टाकायच्या आधी सॉरी. मी तिला मुद्दाम एकटीला टाकलं आणि का? माझ्या नाटकासाठी. पुरे झालं. मी मॅनेजरला नाही म्हणून सांगते, तिला घेऊन येते, संपला विषय.

आजोबा : संपला तर संपला. पण आधी बघ तरी, आत काय चाललंय. खिडकीत काही हलतंय का?

आई : मला दिसत असतं तर... चष्म्यातून तुम्हाला लांबचं चांगलं दिसतं ना? चष्मा लावा आणि बघा. चष्मा कुठाय तुमचा?

आजोबा : आहे की. थांब. या खिशात. नाही, या.

आई : बाबा?

आजोबा : सकाळी तोंड धुताना काढला. मग चहाच्या वेळी हातात होता. मग तू म्हणालीस, चला लवकर, आणि मी तो ठेवला.

आई : कुठे ठेवलात?

आजोबा : टेबलावर.

आई : कुठल्या टेबलावर?

आजोबा : आता घरात टेबलं किती आहेत? दाराजवळच्या. बाटलीच्या शेजारी जराशी जागा होती.

आई : तपकिरी कागदावर?

आजोबा : असेल तपकिरी. मला चष्म्याशिवाय सगळंच तपकिरी दिसतं.

आई : अहो बाबा! कागद मोकळा झाल्याशिवाय निघायचं नाही, हा पहिला नियम. आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा दुसरा. कागदावर तुमचा चष्मा आहे. कागद मोकळा नाही म्हणून तिला निघता येत नाही, आणि चष्मा तिचा नाही म्हणून तिला उचलता येत नाही.

आजोबा : म्हणजे पोर उभी आहे?

आई : उभी असणार. टेबलासमोर. पाठीवर दप्तर, पायात बूट, सगळं बरोबर केलंय तिने, आणि उभी आहे. माझ्या दोन नियमांच्या मधे.

आजोबा : मी जातो. चष्मा माझा, चूक माझी. मी नुसता हात आत घालून उचलतो.

आई : नको.

आजोबा : आत्ता तूच पळत होतीस!

आई : हो. पण आता मला कळलंय ती कुठे आहे. थांबा, मला विचार करू दे. प्रयोग चालू असताना रंगमंचावर काही बिघडलं ना, बाबा, खुर्ची मोडली, दार अडकलं, तर विंगेतून धावत जायचं नसतं. कितीही वाटलं तरी. कारण तुम्ही उजेडात गेलात की तो प्रयोग नटाचा राहत नाही. आत जो उभा आहे त्यालाच काढावी लागते वाट. आणि काढतात. सुरा नव्हता तर गळा दाबला की नाही त्याने?

आजोबा : आणि नाही काढता आली तर?

आई : तर उशीर होईल. होऊ दे. मग संध्याकाळी तिघं मिळून तिसरा नियम करू.

आजोबा : तुझा हात किती गार पडलाय.

आई : धरून ठेवा. नाहीतर मी जाईन.

आजोबा : धरलाय. आमची आणखी एक गोष्ट सांगू का, वेळ जाईल...

आई : दार! दार उघडलं! पेपर वर घ्या, पेपर!

आजोबा : मला काही दिसत नाही, तू सांग. आली का?

आई : आली. दप्तर आहे. डबा, बाटली. बूट, दोन्ही, एकाच जोडीचे! केस विचारू नका. स्वेटर कमरेला. अरे देवा, मागे वळली. परत आत चालली.

आजोबा : का?

आई : नाही, नाही. किल्ली. कुलूप लावतेय. ओढून बघितलं. माझ्यासारखं ओढून बघितलं कुलूप! बाबा, रडू का मी?

आजोबा : मग रड. आधी सांग, कुठल्या बाजूला वळली?

आई : आपल्या. सरळ आपल्याकडे येतेय. रस्ता बघितला, दोन्हीकडे. आली. गप्प बसा.

मुलगी : आजोबा, तुमचा चष्मा.

आजोबा : कोण आजोबा? मी पेपर वाचतोय.

मुलगी : उलटा वाचताय.

आई : तुला कसं कळलं आम्ही इथे आहोत?

मुलगी : खिडकीतून दिसता. पहिल्या घंटेपासून. मी बघितलं आणि म्हटलं, बसू दे.

आजोबा : अगं पण भिंगरे, दुसऱ्याच्या वस्तूला हात नाही ना लावायचा? मग हा उचललास कसा?

मुलगी : तेच ना! आधी मी उभीच होते. पहिला नियम म्हणाला उचल, दुसरा म्हणाला उचलू नको. दोघं भांडायला लागले. मग मी थोडं रडले. जास्त नाही. मग मी म्हटलं, हा आपल्या टेबलावरचा का नाही? तर याचा आकार काढलेला नाही म्हणून. मग मी पेन्सिल घेतली आणि चष्म्याभोवती रेघ काढली. मग तो टेबलावरचा झाला. मग मी उचलला. मग कागद मोकळा झाला. मग मी आले.

आजोबा : रेघ काढलीस?

मुलगी : हो, म्हणून उशीर झाला. डाव्या काडीची वाकडी आली. काडी हलते तुमची, स्क्रू घट्ट करा. आई, तू का अशी बघतेस? मी काही विसरले का?

आई : नाही. काही नाही विसरलीस.

मुलगी : केस?

आई : केस छान आहेत.

मुलगी : खोटं बोलतेस. फाटक लागेल, मी जाते. माझ्या मागे येऊ नका हं, दोघांनीही. ही वाट माझी आहे.

आई : नाही येत. जा. पळ!

आजोबा : गेली? थांब, आता मला बघू दे. चष्मा आला की देव दिसतो. हां. कोपऱ्यावर आहे, फाटकाच्या अलीकडे. वळली. ते जुळे अजून फाटकातच रेंगाळतायत, देव त्यांचं भलं करो. पोचली. फाटकातल्या माणसाला काहीतरी सांगतेय हातवारे करून.

आई : काय सांगत असेल?

आजोबा : सुऱ्याची गोष्ट असेल. गळा दाबून दाखवतेय. तो हसतोय. गेली आत.

आई : आत गेली?

आजोबा : आत गेली. आणि लावलं फाटक. सूनबाई, अगं, किती रडशील? रुमाल मघाशीच मी ओला करून ठेवलाय.

आई : मी शिकवलं नव्हतं ते, बाबा. रेघ काढायचं. मी नियम दिले होते दोन. वाट नव्हती दिली. ती तिने काढली. एकटीने, रडून, पेन्सिल घेऊन. मुकादम आला होता. दोन मिनिटं का होईना, आला होता.

आजोबा : बघितलं मी. चष्म्यातून बघितलं. डावी काडी खरंच हलतेय गं.

आई : उद्या परत अडकेल कदाचित.

आजोबा : कदाचित काय, अडकेलच. मी एवढा म्हातारा झालो, रोज अडकतो. आज तर निघाली ना? मग आजचं बोल. चल, घरी जाऊ.

आई : जाते. थांबा, मला आधी एक काम करू दे. फोन द्या माझा, तुमच्या बाजूला आहे. इकडं बसा, जाऊ नका. रिंग होतेय. हॅलो? हो, मीच. लवकर केला, माहितीय, दुपारी म्हटलं होतं. अहो, ऐका तरी. नाही, घरी सगळं बरं आहे. बरंच आहे. अहो मॅनेजर, एवढा मोठा सुस्कारा नका टाकू. या वेळी नाही म्हणायला फोन नाही केला मी.